आठवीतला मुलगा

लॅमिंग्टन रोडवरच्या त्या दुकानदाराने स्टूल पुढे सरकवलं, टेबलफॅन माझ्याकडे वळवला आणि मी काही बोलायच्या आतच विचारलं, "मुलासाठी ना मॅडम?" आणि मी म्हटलं, "हो."

मला मुलगा नाहीये.

एक मुलगी आहे, नऊ वर्षांची, आणि तिच्यासाठी गेम म्हणजे लगोरी नाहीतर सापशिडी, तीसुद्धा पुठ्ठ्याची. घरात गेम खेळणारी मी. वय अडतीस, दिवसभर ऑफिसात एक्सेलच्या शीट्स, संध्याकाळी कुकरच्या शिट्ट्या, आणि रात्री अकरानंतर सगळे झोपले की नऊ वर्षं जुन्या लॅपटॉपवर सेटिंग्ज एकदम खाली पाडून जेवढं चालेल तेवढं. त्या लॅपटॉपचा पंखा आता गिरणीसारखा वाजतो, म्हणून यंदा ठरवलं होतं की स्वतःच्या पैशाने, नीट, डेस्कटॉप जमवायचा. बाकीचे पार्ट पटापट ठरले. अडकलं ते ग्राफिक्स कार्डावर, म्हणजे गेमचं चित्र पडद्यावर रंगवणाऱ्या पार्टवर, कुठल्या कंपनीचं घ्यायचं यावर. त्यासाठी ऑफिसातून हाफ डे टाकून डोंबिवलीहून फास्ट लोकलने दादर, तिथून ग्रँट रोड, ऐन नवरात्रात घामाघूम होत मी तिथे पोचलेले, डोक्यात सगळं पाठ केलेलं, आणि पहिल्याच प्रश्नाला हे असं उत्तर. "जेवलात का?" विचारल्यावर जेवलो नसलो तरी आपण "हो हो" म्हणतो ना, तसं ते सुटून गेलं.

बरं, एवढ्यावर थांबले असते तर ठीक. त्याने विचारलं, "कितवीत आहे?" मी म्हटलं, "आठवीत." आठवीतच का, सातवीत का नाही, देव जाणे. तो म्हणाला, "मग खेळू द्या अजून वर्षभर, दहावीला बंदच करायचंय." तर मी चक्क मान हलवून म्हटलं, "तेच ना, ऐकतात कुठे हल्लीची मुलं." जन्मालाच न आलेल्या पोराची कागाळी करून मोकळी झाले मी. मग त्याने काउंटरवरून पोराला हाक मारली, "वो तीन फॅनवाला निकाल," आणि माझ्यासमोर एक खोकं आलं. आत कार्ड नव्हे, वरवंटाच. तीन पंखे, कडेला सगळ्या रंगांचे दिवे, आणि इतकं जड की स्लॉटमध्ये वाकू नये म्हणून खाली लावायला टेकूसुद्धा सोबत दिलेला. पूर्वी आमच्या चाळीच्या गॅलरीला टेकू होते, आता कार्डाला. "मुलांना हेच आवडतं मॅडम, डोळे झाकून घ्या," तो म्हणाला. आणि चूक त्याची नव्हतीच. आठवीतल्या मुलाला खरंच तेच आवडलं असतं.

मी "घरी विचारून सांगते" म्हटलं, त्याचं व्हिजिटिंग कार्ड पर्समध्ये टाकलं आणि बाहेर पडले. हातगाडीवर मॉनिटरची खोकी रचून एक जण टॅक्सीच्या मधून वाट काढत होता, वडे तळल्याचा आणि नव्या थर्माकोलचा असा मिसळलेला वास येत होता. या रस्त्याचं पाटीवरचं नाव डॉ. भडकमकर मार्ग, पण ते कोणी घेतलेलं मी आजवर ऐकलेलं नाही. हा वास मात्र मला २००४ पासून ओळखीचा आहे.

तेव्हा मी बारावीत होते आणि दादा इंजिनिअरिंगला. घरी पेंटियम फोर आलेला, आणि दादाला ग्राफिक्स कार्ड हवं होतं. बाबांना कशाला हवं ते सांगायची सोय नव्हती. दादाने सांगितलं, ऑटोकॅडला लागतं. ड्रॉइंगची लाईन सरळ यायला कार्ड लागतं, असं काहीतरी. बाबांनी एलआयसीच्या कॅलेंडरमागे हिशोब मांडला आणि पैसे दिले. मी आणि दादा इथेच आलो होतो, याच रस्त्यावर, आणि जिफोर्स एफएक्स ५२०० घेऊन गेलो, १२८ एमबीचं. खोक्यावर चिलखत घातलेली एक बाई तलवार घेऊन उभी. ऑटोकॅडशी तिचा संबंध काय हे बाबांना समजावून सांगणं अवघड होतं, म्हणून दादाने कार्ड रुमालात गुंडाळून बॅगेत ठेवलं आणि खोकं माझ्या दप्तरात. ते खोकं पुढे तीन वर्षं माझ्या पलंगाखाली, जुन्या वह्यांच्या गठ्ठ्याआड होतं. आता हसू येतं, पण खोक्यावर डायरेक्टएक्स ९, म्हणजे तेव्हाचे नवे गेम दाखवायची सोय, असं ठळक छापलेलं होतं, आणि ते चालायचंसुद्धा, म्हणजे चालायचं म्हणजे पाऊल टाकून मग विचार करून दुसरं पाऊल टाकल्यासारखं. ते कार्ड त्या कामाला पुरं पडणारं नव्हतंच. म्हणजे दादा बाबांशी खोटं बोलला आणि खोकं दादाशी. ग्राफिक्स कार्ड घरात आणायचं तर खोटं बोलूनच, ही आमच्याकडची जुनी रीत, आणि मी ती नकळत पाळली म्हणायची.

त्या कार्डावर मी पहिल्यांदा गेममधलं पाणी बघितलं. तोवर पाणी म्हणजे निळा पत्रा. दादा क्लासला गेला की मी हळूच कॉम्प्युटर लावायचे, गाड्यांची शर्यत बाजूला ठेवून गाडी रस्त्याकडेला उभी करायचे आणि नुसतं इकडे तिकडे बघत बसायचे. दादा म्हणायचा, ही गेम खेळत नाही, सहलीला जाते. अजूनही तसंच आहे.

दादा आता बेंगळुरूला असतो आणि कट्टर हिरवा आहे. हिरवा म्हणजे एनव्हिडिया, लाल म्हणजे एएमडी, ज्यांना हे ठाऊक आहे त्यांना ही भांडणं कुठल्या थराला जातात तेही ठाऊक आहे. मी नुसतं विचारलं, "अरे, एएमडीचं ९०६० एक्सटी कसं वाटतं?" तर तिकडून, "वेडी आहेस का गं? डीएलएसएस सोडून कोणी जातं का? ड्रायव्हरपायी डोकं खराब करून घ्यायचंय का तुला?" मी म्हटलं, ड्रायव्हरचं, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं, हे रडगाणं तू मला २००८ सालीपण गायलं होतंस. तो म्हणाला, तेव्हापण खरं होतं. मग त्याने मला पंचवीस मिनिटं फ्रेम जनरेशन समजावलं, की आता कार्ड एका खऱ्या फ्रेममागे, म्हणजे पडद्यावरच्या एका चित्रामागे, तीन फ्रेम स्वतःच्या मनाने रंगवून घालतं, आणि मी इकडे पोळ्या लाटत ऐकत होते आणि मनात म्हणत होते, म्हणजे चार घासांतले तीन हवेतलेच की रे. तसं त्याचं सगळंच चूक नाही. डीएलएसएस, म्हणजे लहान चित्र मोठं करून नीट दाखवायची एनव्हिडियाची युक्ती, चांगलंच आहे, मी त्याच्या घरी बघितलंय, तारा-कुंपण-गवत असल्या बारीक गोष्टी त्यात छान टिकतात. एएमडीची तीच युक्ती, एफएसआर, बरीच वर्षं मागे होती, आणि त्यातलं धड म्हणावं असं चौथं व्हर्जन आलं ते २०२५ मध्ये, तेही तेव्हा अधिकृतपणे फक्त ९००० सीरिजच्या कार्डांपुरतं. पण मी खेळते काय? घोड्यावरून रमतगमत फिरायचा तो जुना वेस्टर्न गेम, नाव सांगायची गरज नाही, नदीकाठी तंबू ठोकायचा, कॉफी उकळायची, सकाळचं धुकं बघायचं. मला सेकंदाला दोनशे फ्रेम कशाला हव्यात? घोडा तेवढा पळतही नाही.

या दोन कंपन्यांच्या भांडणात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच. एनव्हिडियाचे जेन्सन हुआंग आणि एएमडीच्या लिसा सू, दोघांचाही जन्म तैवानचा, आणि दोघं एकमेकांचे नातेवाईक, लांबचे का होईना. आणि दोघांच्या या पिढीतल्या गेमिंग चिप्स बनतात कुठे, तर तैवानच्याच टीएसएमसीत. म्हणजे भाऊबंदकी आहे, बांध एक आहे, गिरणीपण एकच आहे, आणि इथे दादा नि मी फोनवर कोर्टात उभं राहिल्यासारखे भांडतोय.

पण हिरवं-लाल हे अर्धंच झालं. खरी पंचाईत त्याच्या पुढची. चिप एकाची, आणि त्या चिपचं कार्ड करून विकणारे भलतेच. असूस, एमएसआय, गिगाबाइट, झोटॅक, इनोथ्रीडी, सफायर, पॉवरकलर, कोण कोण. भाजणी एकाच डब्यातली, चकल्या घरोघरच्या. चव सारखीच लागते, पण एकीची तुटते, एकीची तेल पिते, एकीला काटा सुरेख येतो. कार्डात तो काटा म्हणजे पंखे, उष्णता शोषणारं हीटसिंक, आवाज, लांबी, दिवे, आणि बिघडलं तर दार उघडणारं माणूस. फ्रेम मोजायला गेलात तर एकाच चिपच्या दोन कार्डांत फरक इतका किरकोळ की डोळ्याला कळायचाही नाही. तरी किमतीत पाच-सात हजारांचा फरक, आणि नावाच्या शेपट्या तर विचारू नका. ओसी, एक्स, प्रो, अल्ट्रा, एलिट. लग्नपत्रिकेत नावामागे बीए एमए लावतात तसं.

आणि मला दार उघडणाऱ्या माणसाचा अनुभव आहे.

२०१२ ला, नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी पहिलं स्वतःचं कार्ड घेतलं होतं. कंपनीचं नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. पुढच्या वर्षी जुलैत, बाहेर असा पाऊस की खिडकीच्या सळ्यांना पाणी धरलेलं, एका संध्याकाळी स्क्रीनवर जांभळे चौकोन आले आणि मग काहीच नाही. वॉरंटी तीन वर्षांची, बिल जपून ठेवलेलं, मी निवांत. दोन लोकल बदलून सर्व्हिस सेंटरला गेले, टोकन घेतलं, पंख्याखाली दीड तास बसले. काचेपलीकडच्या मुलाने कार्ड उलटं केलं, मोबाईलचा टॉर्च मारला आणि म्हणाला, "मॅम, रस्ट आहे." कुठे? तर केबल लावायच्या पट्टीला, कोपऱ्यात, हळदीच्या बोटाएवढा डाग. गंज म्हणजे ग्राहकाचा दोष, वॉरंटी गेली. मी म्हटलं, अहो मी डोंबिवलीत राहते, आमच्याकडे जुलैत कपाटातल्या टाचण्यांना गंज येतो, देवघरातल्या पितळेच्या समईलासुद्धा डाग पडतात, कार्ड काय मी खाडीत बुडवलं का? तो बिचारा चांगलाच होता, वाद नाही घातला, नुसता फॉर्म पुढे केला, "रिजेक्टेड"वर सही करा. मी सही केली. ते कार्ड अजून माळ्यावर आहे, त्याच खोक्यात. टाकवत नाही. दर दिवाळीला माळा आवरताना ते हातात येतं, मी डाग बघते आणि परत ठेवते.

त्यामुळे या वेळी मी प्रत्येक दुकानात एकच प्रश्न विचारत होते, गंज आला तर? फ्रेम किती पडतील हे मला घरबसल्या कळलं होतं, गंजाचं कोणी सांगत नव्हतं. एक जण म्हणाला, कंपनीला मेल करून बघा. एक म्हणाला, मॅडम आमच्याकडे अशी केसच आली नाही. त्या स्टूलवाल्याने मात्र पान थुंकून येऊन शांतपणे सांगितलं होतं, "मॅडम, मुंबईत माणसाला गंज येतो, कार्डाचं काय घेऊन बसलात." आणि लगेच कामाचं बोलला होता, कुणाचं सेंटर कुठे आहे, कोण कार्ड दुरुस्त करून देतं, कोण बदलून देतं, बदलून दिलं तर पहिल्या दिवशीचीच वॉरंटी पुढे चालते की नवी सुरू होते. त्याने मला बिलाच्या मागे पेनाने काढूनही दाखवलं, चार रेघांत. ज्याच्याशी मी खोटं बोलले तो माणूस एवढा सरळ निघाला, हे जास्त टोचलं.

वॉरंटीवरून आठवलं. अमेरिकेत बीएफजी नावाची कंपनी होती, एनव्हिडियाची कार्डं बनवायची, आणि त्यावर आजन्म वॉरंटी. २०१० ला कंपनीच गुंडाळली. आजन्म, पण कुणाचा जन्म ते विचारायचं राहिलं. आणि ईव्हीजीए, जिच्या सर्व्हिसची लोक शपथ घ्यायचे, तिने २०२२ मध्ये एनव्हिडियाशी पटेना म्हणून सरळ कार्डाचा धंदाच बंद केला. दादा तेव्हा सुतक आल्यासारखा दोन दिवस गप्प होता, खरं तर त्याने त्यांचं कार्ड आयुष्यात घेतलं नव्हतं. कंपनीवर जीव लावायचा तो किती, हे मला कळत नाही. आमच्या बाबांनी एकाच कंपनीच्या स्कूटरवर चोवीस वर्षं काढली, आणि ती बंद झाली तेव्हा त्यांनी तिला नारळ फोडून निरोप दिला. पण ती स्कूटर त्यांना रोज ऑफिसला सोडायची. कार्ड कुठे सोडणार मला? घोड्यावर.

तर परत येताना, पावणेपाचच्या लोकलमध्ये, खिडकीशी जागा मिळाली आणि मी त्या मुलाचा विचार करत बसले. आठवीतल्या. कसा असेल? उंच झाला असेल एकदम, पँटी आखूड होत असतील. गणित बरं, मराठीत शुद्धलेखनाची बोंब. दार लावून बसत असेल. त्याने कार्ड मागितलं असतं तर मी काय केलं असतं? आधी नाही म्हटलं असतं, मग सहामाहीत इतके टक्के आण म्हटलं असतं, आणि मग गेले असते लॅमिंग्टन रोडला आणि चाळीस काय, पन्नास हजार दिले असते, वर मैत्रिणींना सांगितलं असतं, काय करणार बाई, हल्ली मुलांना लागतंच. कोणी भुवई उंचावली नसती. मीही नसती उंचावली. हे सगळं त्या दोन सेकंदांत माझ्या डोक्यात थोडंच आलं असेल, पण जिभेला ते ठाऊक होतं. गंमत म्हणजे नवऱ्याला काहीच अडचण नव्हती. तो म्हणाला होता, "घे की, तुझे पैसे. फक्त मला त्यातलं काही विचारू नकोस." तरी मी त्याला आकडा सांगताना एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, आणि कॅबिनेट वेगळे सांगितले, बेरीज लहान वाटावी म्हणून.

आईचं आठवलं मग. आईला शब्दकोड्याचं भारी वेड. पण पेपर घरात यायचा तो "ह्यांच्यासाठी." पेपरवाल्याचं बिल वाढलं की तीच म्हणायची, बंद करूया का, आणि बाबा नको म्हणेपर्यंत तिचा चेहरा बघण्यासारखा असायचा. बाबा सकाळी पेपर वाचून ऑफिसला गेले की ती दुपारी भांडी झाल्यावर कोडं सोडवायची, पेन्सिलने, इतकं हलकं की कागदावर नुसती सावली. कारण संध्याकाळी बाबा कधीमधी कोडं घ्यायचे, पेनाने. बाबा यायच्या आत ती खोडून ठेवायची. एकदा मी बघितलं, बाबा कोड्यावर वाकले होते, एका शब्दापाशी अडकले, आणि त्यांनी पेपर खिडकीकडे तिरका धरला. खोडलेल्या अक्षरांची खूण दिसते तशी. मग त्यांनी शब्द लिहिला आणि चहा मागितला.

असो. कार्डाकडे येते. घरी येऊन मी कागदावर लिहून काढलं की मला नक्की काय पाहिजे, आठवीतल्या मुलाला नाही, मला. एक, आवाज नको. आमचा वन बीएचके, कॉम्प्युटर हॉलमध्ये खिडकीजवळ, आणि तिथून चार फुटांवर दिवाणावर लेक झोपते. त्यामुळे मला हवं होतं ते काम नसेल तेव्हा पंखे पूर्ण थांबवणारं कार्ड. दिवे नकोत, त्याच कारणाने. काही कार्डांना लोड आला की आतली कॉइल बारीक किणकिणते, कानाशी डास आल्यासारखी, ती नको, पण ती नशिबावर असते, एकाच मॉडेलचं एक गातं नि एक गप्प. लांबी बेताची, कारण कॅबिनेट टेबलाखाली, शिवणयंत्राच्या शेजारी मावायला हवं. आणि मेमरी १६ जीबी. आता यात कंपन्यांनी काय केलंय बघा, एनव्हिडियाची ५०६० टीआय नावाचीच दोन कार्डं, एक ८ जीबीचं एक १६ चं, आणि ९०६० एक्सटीचंही तेच. नाव एक, खोकं जवळपास एक, पोटात निम्मं. कोपऱ्यातला आकडा वाचला नाही तर गेलात. घोड्याला आज ८ पुरतातही, पण जास्त बारकाव्याचा, १४४०पीचा मॉनिटर घेतलाय आणि पुढची सहा-सात वर्षं मला परत या रस्त्यावर यायचं नाही, म्हणून १६. एवढं सगळं गाळल्यावर हिरव्यात जे उरत होतं ते लालमधल्यापेक्षा आठ-नऊ हजारांनी महाग. दादाला कळवलं नाही.

मधे दिवाळी झाली. सुट्टी संपता संपता, रविवार सोडून, मी परत गेले, या वेळी लेकीला घेऊन, कारण घरी ठेवायला कोणी नव्हतं आणि तिला ट्रेनमध्ये खिडकी हवी होती. दुकान तेच. इतर दुकानंही होती, पण चार रेघांचा तो कागद पर्समध्ये होता. स्टूल पुढे आलं, लेकीला एक लिमलेटची गोळी मिळाली. तो वैतागलेला होता, रॅमचे भाव महिन्याभरात असे चढलेले की सकाळचा भाव संध्याकाळी देववत नव्हता. समोरचा एक मुलगा "पण जीएसटी कमी झाला ना?" म्हणत होता, आणि हा, बहुधा त्या दिवशी पन्नासाव्यांदा, सांगत होता, "मोठ्या टीव्हीचा झाला, भाई. कार्डवर पहिले अठरा, आजही अठरा." मग माझ्याकडे वळला, ओळखलं, हसला.

"मुलगा नाही आला? सहामाही कशी गेली त्याची?"

लेकीने गोळी गालात सरकवली. "आई, कोण मुलगा?"

शिडीवर चढलेला पोरगासुद्धा थांबला. मी पर्सची चेन उघडली, लावली. म्हटलं, "मुलगा नाहीये. म्हणजे, मला मुलगा नाही. कार्ड मलाच पाहिजे. मी खेळते."

मला वाटलं हसेल. किंवा तो "अरे वा मॅडम!" करून कौतुक करेल, ते त्याहून वाईट झालं असतं. त्याने कॅल्क्युलेटर बाजूला ठेवला आणि विचारलं, "दिवसा खेळता की रात्री?"

"रात्री. अकरानंतर."

"खोलीत कोण झोपतं?"

मी लेकीकडे बोट केलं.

"मग तुम्ही मला त्या दिवशी चुकीचं कार्ड काढायला लावलं ना," तो म्हणाला, जरा तक्रारीच्या सुरात, आणि वर बघून ओरडला, "लायटिंगवाला मत निकाल! वो सफायर का पल्स दे, छोटावाला, दो फॅन. सोला जीबी देख के." ९०६० एक्सटीचं खोकं खाली आलं. साधं, काळं-लाल, चिलखतवाली बाई नाही, ड्रॅगन नाही. कार्ड अँटिस्टॅटिक पिशवीतून काढलं तेव्हा तो वास आला, नव्या रबराचा आणि गरम न झालेल्या सर्किटचा. त्याने टेस्टबेंचवर लावून दाखवलं. विंडोज येईपर्यंत पंखे फिरले आणि मग हळूच थांबले. मी कान जवळ नेला. लेकीनेही नेला. "बंद पडलं?" ती म्हणाली. "नाही," तो म्हणाला, "झोपलं." मग मी पट्टी उलटी करून टॉर्च मारला. तो बघत राहिला. गंजाचं विचारलं त्यावर म्हणाला, "आजचा फोटो काढून ठेवा, चारी बाजूंनी. आणि पावसाळ्यात रोज तासभर तरी चालवा, बंद नका ठेवू." एवढं चांगलं कारण मला आजवर कुणी दिलं नव्हतं.

बिलबुक काढलं. "बिल कोणाच्या नावाने, ताई? ज्याचं नाव त्याचीच वॉरंटी, नंतर बदलत नाही."

मी पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट. त्याने ते एकदा चुकवलं, खोडलं, परत लिहिलं आणि खोडलेल्यावर शिक्का मारला, म्हणजे सेंटरवाले त्यावरून वाद घालणार नाहीत.

परतीच्या लोकलमध्ये खोकं माझ्या मांडीवर आणि त्यावर लेकीची हनुवटी. ठाणं गेलं, गर्दी जरा हलली. ती बराच वेळ बाहेर बघत गप्प होती, मला वाटलं झोप आली असेल.

"आई, त्याचं नाव काय होतं?"

"कुणाचं?"

"तुझ्या मुलाचं. आठवीतल्या."

मी म्हटलं, ते कोणी विचारलंच नाही गं.